गालातला शिंपला

फिलिन्ना, "सासूबाई, जेवताना तरी तोंडातला पैसा काढून ठेवत जा," असं तू मला आज चौथ्यांदा सांगितलंस. रागावले नाही मी. पण या घरात सून म्हणून येऊन तुला दोन वर्षं झाली, तेव्हा एकदा सगळं ऐकूनच घे. तो लसूण ठेव बाजूला. आणि मध्येच उठून चुलीकडे पळू नकोस, मी पुन्हा सांगायची नाही.

तुम्ही डोंगराकडची माणसं कमरेला पिशवी बांधता. आम्हा ग्रिनेयोनच्या माणसांचे हात दिवसभर खाऱ्या पाण्यात. काशाचं नाणं ते केवढं, करंगळीच्या नखाएवढं. ओल्या बोटांतून निसटलं आणि दगडांच्या फटीत गेलं की गेलं. म्हणून बाजारात बसलं की पैसा गालात. गिऱ्हाईक आलं की जिभेनं पुढं ढकलायचा, द्यायचा, घ्यायचा, पुन्हा गालात. दोरखंडवाल्या कोमोनला एकदा शिंक आली आणि तीन पैसे पोटात गेले. तिसऱ्या दिवशी हा मेला हसत हसत तेच पैसे घेऊन माझ्याकडे शिंपले घ्यायला आला. मी म्हटलं, "कोमोन, आज मी उपाशी मरेन पण तुझा पैसा तोंडात घ्यायची नाही!"

माझी जीभ नाणं वाचायची, बाई. एका बाजूला देव अपोलो, दुसऱ्या बाजूला शिंपला, ते आपलं. दोन कानांचं मडकं असलं की मिरिनाचं. चांदीचं नाणं कुठंही चालतं, त्याला गावच नसतं. काशाचं नाणं म्हणजे आपल्या गल्लीत वाघ आणि वेशीबाहेर शेळी. मिरिना इथून सकाळी निघालं तर उन्हं तापायच्या आत गाठता येतं, पण त्यांचं मडकं इथं कुणी घेत नाही आणि आपला शिंपला तिथं कुणी घेत नाही.

तुझे सासरे, एरातोन, तू पाहिले नाहीस. माणूस सोन्यासारखा, पण व्यवहारात काडीची अक्कल नाही. गिऱ्हाईक गोड बोललं की ह्यांचं हाताकडे लक्षच राहायचं नाही. एकदा मी तापानं घरी पडले होते, म्हणून हे शिंपले विकायला बसले. संध्याकाळी आले आणि तोंडातले पैसे माझ्या तळहातावर ठेवले. मी एकेक जिभेवर धरून पाहिला. शिंपला, शिंपला, शिंपला, आणि मडकं. झिजलेलं, आणि मडक्याच्या एका कानावर खाच.

"अहो, हे मिरिनाचं आहे! डोळे आहेत का भोकं?"

"असेल गं. एक बाई आली होती, पोर कडेवर होतं तिच्या. ऊन लागलं होतं त्या पोराला."

"ऊन त्या पोराला आणि चटका आपल्याला!"

हे हसले. माझं डोकं आणखी फिरलं.

ते नाणं मी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं आणि वर्षभर त्यावरून ह्यांना सोलून काढलं. जेवताना, झोपताना, जाळी विणताना. "जा मिरिनाला, खर्च करून या ते एकदाचं. माझ्यासाठी तिथले अंजीर तरी आणा. एवढ्या वर्षांत कधी आणलंत काही?" हे म्हणायचे, "जाईन गं बित्तो. पाय बरा झाला की जाईन." होडी ओढताना गुडघा मोडला होता, तो काही बरा व्हायचा नव्हता, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. तरी मी गप्प बसेन तर शपथ. एक दिवस कोमोनच्या देखत म्हटलं, "जिवंतपणी खर्च होत नसेल तर मेल्यावर तुमच्याच तोंडात घालीन ते!" सगळा बाजार खो-खो हसला. हेसुद्धा हसले.

आणि वसंतात हे गेले. छातीत कफ झाला, तीन दिवस घरघर लागली, चौथ्या पहाटे थांबली. तुझा नवरा निकोन तेव्हा जहाजावर होता. घरात मी एकटी.

मीच न्हाऊ घातलं, तेल लावलं, डोक्याला पानांचं कडं घातलं. माझी जुनी निळ्या काठाची ओढणी होती, तिची पट्टी फाडली हनुवटी बांधायला. मग जिभेखाली ठेवायचं नावाड्याचं भाडं. मेलेल्यांना नदीपलीकडे नेणारा तो खारोन कुणाला फुकट घेत नाही, हे तुमच्या डोंगरातही माहीत असेल. डब्यात शिंपल्याची नाणी होती. चांगली अठरा होती.

लोकांना मी आजवर सांगत आले की रडून डोळे सुजले होते, हात चुकला. खोटं आहे ते. हात चुकला नाही, फिलिन्ना. मी कोनाड्याकडे पाहिलं, मडकं पाहिलं, खाचेवरून अंगठा फिरवला. मनात आलं, चांगला चालणारा पैसा मातीत का घालायचा? मेलेल्याच्या तोंडात कोण वाकून बघतंय? आणि हेही मनात आलं की बोलले होते ना मी, घालीन म्हणून. घातलं जिभेखाली, हनुवटी वर दाबून धरली, जबडा बसेपर्यंत. मग पट्टी बांधली. गाठ माझी, जाळ्याची, दोन वेढ्यांची. ती ओढून सुटत नाही.

मिरिनाच्या वाटेवर, वेशीबाहेर पुरलं. तिसऱ्या दिवशी दूध-मध नेलं, नवव्या दिवशी नेलं. सगळं रीतीनं केलं. बायका म्हणाल्या, बित्तोनं नवऱ्याचं फार केलं. मेल्या म्हशीला मणभर दूध. मीही मान डोलावली.

दहाव्या दिवसापासून मी पुन्हा बाजारात बसले. भर दुपारी आपला बाजार कसा असतो ते तुला ठाऊक आहे. जो तो सावलीत तोंडावर फडकं टाकून पडतो. त्या वेळेला धनगरसुद्धा पावा वाजवत नाहीत, देव झोपलेला असतो म्हणतात. मीही डोळे मिटले होते. उघडले तर शिंपल्यांच्या फळीवर सुक्या अंजिरांची माळ. बोरूच्या दोरीत ओवलेले पाच अंजीर, काळे, जाड सालीचे. मिरिनाचे. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. फळीपुढची धूळ सकाळी मी सारवल्यासारखी झाडली होती, तिच्यावर एक पाय नीट उमटला होता आणि दुसरा फरफटत गेल्याची रेघ होती. रेघ मी पाहिली. कुणीतरी टोपली ओढत नेली असेल असं म्हटलं.

आणि खाल्ले, बाई. पाचही खाल्ले. इतक्या उन्हात ते गार होते, विहिरीत सोडून ठेवल्यासारखे. दाताला कळ येत होती तरी मी थांबले नाही.

कोमोन जागा झाल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "नवऱ्याला जाऊन दहा दिवस झाले नाहीत आणि अंजीर ठेवतोस? तुझ्या बायकोचं थडगं तरी वाळलं का रे?"

"कसले अंजीर?" तो डोळे चोळत म्हणाला. "आणि मी अंजीर आणले असते तर तुला दिले असते होय? मीच नसते खाल्ले?"

ते मला पटलं. कोमोनला मी ओळखते, तो हातातलं कुणाला द्यायचा नाही.

चार दिवसांनी मिरिनाची गोर्गो आली, अंजीरवाली. दर महिन्याला गाढवावर माल लादून यायची आणि देवळापाशी उतरायची. तिथले पुजारी चांदीत व्यवहार करायचे, म्हणून तिला परवडायचं. गडगडाटी बाई. लांबूनच ओरडली, "काय गं बित्तो, नवऱ्याचा पाय बरा झाला म्हणायचा!"

मी हातातला शिंपला फळीवर ठेवला.

"आला होता की माझ्याकडे! झाले असतील आठ-नऊ दिवस. भर दुपारी, बाजारात कुत्रं नव्हतं. मी म्हटलं, अरे एरातोन, एवढ्या उन्हात लंगडत आलास, बायकोनं हाकललं की काय? तर बोलेना. हनुवटीला पट्टी बांधलेली. म्हटलं, दाढ दुखत असेल बिचाऱ्याची."

"कसली पट्टी?" मी विचारलं.

"निळ्या काठाची. आणि गाठ कसली गं ती, जाळ्याला मारतात तसली! पट्टीच्या वरून, ओठांच्या कोपऱ्यातून दोन बोटं आत घातली आणि पैसा काढला. अंजिराकडे बोट दाखवलं. मी पाच दिले. पाणी देऊ का म्हटलं तर मान हलवली, गेला."

कोमोन तिच्या मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "गोर्गो, त्याला पुरून तेव्हा पाच-सहा दिवस झाले होते."

गोर्गो तीनदा स्वतःच्या छातीवर थुंकली, नजर उतरवतात तसं, आणि कमरेची पुरचुंडी सोडायला लागली. गाठ तिला सुटेना, शेवटी मला सोडावी लागली. म्हणाली, "तरीच! तरीच म्हटलं, हा पैसा गरम का होत नाही! बाकीच्यांत ठेवला तर तेही गार पडायचे गं. म्हणून वेगळा बांधला."

मी तो हातात घेऊन पाहिला. जिभेवर धरायची गरज नव्हती. मडकं, आणि कानावर खाच. तिचा तिला परत दिला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्यांची तर मेल्यावरही गेली नाही. मला वाटलं होतं, मेलेला माणूस रागावून परत येतो, घर धरतो, छातीवर बसतो. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले असते. ह्यांनी काय केलं? वर्षभर मी जे सांगत होते ते केलं. मिरिनाला गेले, तो पैसा खर्च केला, माझ्यासाठी अंजीर आणले. त्या मोडक्या गुडघ्यानं. आणि आता पैसा गोर्गोकडे, अंजीर माझ्या पोटात, आणि हे नदीच्या काठावर रिकाम्या तोंडानं उभे. नावाडी त्यांना घेणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. एका काशाच्या पैशासाठी. मी त्या रात्री उशी चावून रडले. लाज वाटली मला, फिलिन्ना, अशी लाज मला ना आधी कधी वाटली ना नंतर.

थडगं उकरायचं माझ्या मनात आलं होतं. पण ते पाप, आणि उकरून आत कोणी नसलं तर? मग ठरवलं, हे भर दुपारी चालतात तर मीही भर दुपारी जायचं.

डब्यातले दोन शिंपले घेतले, राखेनं घासून लख्ख केले, गालात ठेवले. एक भाड्याचा. दुसरा माझ्या लाजेचा, वाटेत लागला तर असावा म्हणून. थडग्यापाशी जाऊन दगडावर बसले. ऊन असं की समुद्राकडे बघवेना. झाडांवरचे किडे किर्र करून कानठळ्या बसवत होते. किती वेळ बसले माहीत नाही. मग ते सगळे एकदम गप्प झाले, कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखे.

हे मिरिनाकडून येत होते. एक पाय नीट, एक फरफटत. तेल लावलं होतं ते अंगावर वाळून धूळ चिकटली होती. पानांचं कडं अजून डोक्यावर होतं, सुकलेलं. पळावं असं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? पण दगडावरून हलले नाही.

माझ्यासमोर येऊन थांबले. आणि दोन्ही तळहात उघडून दाखवले. रिकामे.

तोंडावर काय भाव होता सांगू? मासळी मिळाली नाही की घरी येताना असायचा तोच. आज काही आणता आलं नाही गं, असा. पुन्हा गेले होते बाजारात, पैसा नव्हता, म्हणून ओशाळले होते. माझ्यापुढे! ओशाळायचं कुणी, आणि ओशाळत होतं कोण!

मग माझी भीती गेली. मी नेहमीसारखी ओरडलेच. "अहो, भाड्याचा पैसा खर्चून अंजीर आणतं का कुणी? कधी अक्कल येणार तुम्हाला?" आणि ओरडता ओरडता रडायला लागले. "माझी चूक आहे. मी मुद्दाम घातलं ते. ऐकताय ना? मुद्दाम."

हे ऐकत उभे होते. मान एकीकडे कलती, मी बोलायला लागले की करायचे तशी.

मी जवळ गेले. उन्हात उभी असून त्यांच्याजवळ गारवा होता, तळघराच्या दारात असतो तसा. माझी गाठ मीच सोडली. नखं मोडली. जबडा खाली आला. आत काही ओल नव्हती, फिलिन्ना, नुसतं कोरडं. मी गालातला एक शिंपला काढला, त्यांच्या जिभेखाली ठेवला आणि म्हटलं, "हा आपला आहे. बघून घातलाय. दोन्ही बाजूंनी बघितलाय." मग दुसरा त्यांच्या हातावर ठेवला. "हा असू द्या. वाटेत लागेल."

त्यांनी तो उलटून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसानं नाणं उलटून पाहिलं! शिंपला बघितला, मान हलवली. आणि तो हात माझ्या तोंडाकडे आणला.

मी तोंड उघडलं. का उघडलं ते मला आजही सांगता यायचं नाही. त्यांनी तो पैसा माझ्या गालात ठेवला, डाव्या बाजूला, मी ठेवते तिथंच. मग तळहात माझ्या हनुवटीखाली लावला आणि वर दाबला. हळू, पण घट्ट. आणि धरून ठेवला. मी त्यांचा जबडा बसेपर्यंत धरला होता ना, तितकाच वेळ. मला सगळं कळत होतं पण हलता येत नव्हतं.

मग हे वळले. मिरिनाकडे नाही आणि गावाकडेही नाही. खाली दगडांतून पाण्याकडे. पाय फरफटत नव्हता. मी पाहत होते तोवर दिसत होते. मग झाडांवरचे किडे पुन्हा सुरू झाले आणि नुसतं ऊन राहिलं.

मी बाजारात परत आले. कोमोन उठून दोरखंड गुंडाळत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय गं बित्तो, दाढ दुखते?"

मी गालाला हात लावला. हनुवटीला पट्टी बांधलेली होती. निळ्या काठाची. डोक्यावर गाठ, जाळ्याची, दोन वेढ्यांची. मी ती सोडली होती हे मला आठवतं. बांधली कुणी, ते मला आठवत नाही. त्यांना तसली गाठ कधी येतही नव्हती.

त्याला एकोणीस वर्षं झाली. गोर्गोनं त्यांना पुन्हा पाहिलं नाही. आठ वर्षं दर महिन्याला विचारत होते मी तिला, ती जाईपर्यंत. फळीवर पुन्हा कधी अंजीर आले नाहीत. पोचले हे, त्यात मला शंका नाही. नावाड्यानं घेतलं त्यांना, शिंपला चांगला होता.

आणि हा पैसा तेव्हापासून माझ्या गालात आहे. कधी गरम होत नाही. पहिल्या वर्षी मी दोनदा काढून डब्यात ठेवला होता. सकाळी उठले की तोंडात. मग नाद सोडला. बाजारात मला म्हणतात, म्हातारी झोपेतही पैसा सोडत नाही. म्हणू देत.

रडू नकोस गं, लसणाचा हात डोळ्यांना लागेल. कामाचं ऐक. मी गेले की न्हाऊ घाल, तेल लाव. पेटीत तळाशी ती पट्टी आहे, तीच बांध, गाठ कुठलीही चालेल. निकोन लोकांना दाखवायला चांदीचं नाणं घेऊन येईल, मुलगा आहे ना, त्याला वाटणारच. त्याला बाजूला घेऊन सांग, ते परत ठेव डब्यात. आईच्या तोंडात पैसा घालायचा नाही.

माझा घालून झालाय.